रोज एक फुगा

"वस्तरा ओढायचा नाही रे, चालवायचा. ओझं त्याचं, वाट तुझी. तू फक्त वाट चुकू देऊ नकोस."

मामंजींचं हे बोलणं वहिनींनी पडद्याआडून इतक्यांदा ऐकलं होतं, की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं असतं. पुढच्या खोलीत सलून, मागच्या खोलीत स्वयंपाकघर आणि मध्ये फुलाफुलांचा पडदा. वहिनी नव्या सून होत्या तेव्हा पडद्यापलीकडे मामंजी आपल्या लेकाला दाढी करायला शिकवत, आणि अलीकडे भाजी चिरणाऱ्या सुनेला ती शिकवणी फुकटात मिळे. मामंजी जाऊन किती वर्षं लोटली. पडदाही बदलला. शब्द तेवढे जसेच्या तसे राहिले.

पण पाठ असणं वेगळं आणि हाताला येणं वेगळं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वहिनींनी एका वाटीत लाल फुगा बसवला होता. फुग्याला दाढीचा फेस फासला होता. हातात मामंजींचाच जुना वस्तरा होता. डोळे मिटून त्यांनी देवाचं नाव घेतलं, डोळे उघडले, आणि ओझं त्याचं, वाट माझी, असं पुटपुटत पातं फुग्याला टेकवलं.

फाट्!

पडद्यापलीकडे खुर्ची करकरली. "साहेब, हलू नका, कान जाईल!" कारागीर ओरडला.

"अहो, पण आत फुटलं काय?" गिऱ्हाईक घाबरून म्हणालं.

"काही नाही," हा दादांचा आवाज. "बायको नेम करतेय."

दादा म्हणजे वहिनींचे यजमान, सलूनचे मालक. सगळी गल्ली त्यांना दादा म्हणे, म्हणून त्या सगळ्या गल्लीच्या वहिनी. वस्तऱ्यावर दादांचा हात असा होता की गिऱ्हाइकं खुर्चीत बसल्या बसल्या घोरू लागत. तोंडही तसंच चाले. एका दाढीत दादा सरकारं पाडत, दोन लग्नं जमवत आणि शेजाऱ्याच्या गुडघ्यावर उपाय सांगत. पण अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. आधी चहाच्या बशीला कळलं, मग शर्टाच्या बटणांना, मग डॉक्टरांना. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं जाणार नाही आणि तुम्हाला नेणारही नाही, याच्याबरोबर राहायला शिका. सलूनचं तसं काही अडलं नाही. कारागीर तरुण होता, हुशार होता, मशीन भुर्रकन फिरवी. दादा गल्ल्यावर बसून त्याला सूचना देऊ लागले, आणि थरथर हा विषय घरात कुणी काढायचा नाही असं न बोलता ठरून गेलं.

अडलं ते घड्याळजींपाशी.

घड्याळजी दादांचे लहानपणापासूनचे दोस्त. सलूनला लागून त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. वरच्या फळीवरचं घड्याळ काढताना स्टुलावरून पडले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. इस्पितळात दादा त्यांच्या उशाशी बसून म्हणाले होते, "तू पायावर उभा राहीपर्यंत दर रविवारी घरी येऊन तुझी दाढी मी करणार. परका हात तुझ्या गालाला लागू देणार नाही. हे माझं वचन." घड्याळजींच्या डोळ्यांत पाणी आलं. दादांच्याही आलं, पण ते म्हणाले की औषधाच्या वासाने आलं.

काही रविवार वचन नीट चाललं. मग एकदा दादांच्या हातून कानाखाली पातं लागलं. घड्याळजी एवढंच म्हणाले, "आज तुझा काटा जरा पुढे पळतोय रे." चेष्टाच केली. पण दादा घरी आले ते जेवलेच नाहीत. पुढच्या रविवारी त्यांना सर्दी झाली. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे आले, जे कुणालाच दिसले नाहीत. मग पाठ धरली. घड्याळजी दुसऱ्या कुणाला हात लावू देईनात. कारागिराला तर त्यांनी मशीनसकट परत पाठवलं.

परवा त्यांची लेक सलूनच्या दारात येऊन उभी राहिली. "दादाकाका, बाबांनी निरोप दिलाय. म्हणाले, दाढी आता छातीशी आलीय, अजून थोडे दिवस थांबलो तर पांघरूण वाचेल."

दादा हसले. कारागीर हसला. लेक मात्र जाताना पडद्याआड येऊन हळूच म्हणाली, "वहिनीकाकू, बाबा चेष्टा करतात हो. पण रविवारी सकाळपासून दाराकडे बघत असतात. संध्याकाळी म्हणतात, विसरला वाटतं मला."

त्याच दिवशी वहिनींनी फुग्यांचं पाकीट आणलं. मामंजींनी लेकाला फुग्यावरच शिकवलं होतं. परका हात नको म्हणाले ना? मग घरचा हात शिकेल.

आता वहिनींविषयी एक सांगायला हवं. त्या हळू बोलत, कमी बोलत, आणि सकाळी दिवा लावल्यापासून तासभर तर बोलतच नसत. पहाटेची प्रार्थना, माळ, पाखरांना पहिला घास, असे त्यांचे लहान लहान नेम. मन लागलं तर करीन, असं म्हटलं असतं तर त्यातला एकही आठवडाभर टिकला नसता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मन म्हणजे पाहुणा. येतो, जातो, कधी जेवणाच्या वेळेला नेमका रुसतो. त्याच्यावर घर चालवायचं नाही. म्हणून वस्तऱ्याचंही त्यांनी व्रतच केलं. रोज एक फुगा. आणि फुटला, तर त्या दिवशी दुपारचा चहा वर्ज्य.

चहा सोडल्याशिवाय व्रताला धार येत नाही असं त्यांना वाटलं. धार आली, पण ती वस्तऱ्याला नाही, जिभेला. कारण फुगा रोज फुटे. दुपार झाली की डोकं ठणकू लागे, आणि आयुष्यात कुणाला "अरे" न म्हटलेल्या वहिनी भांड्यांना बोलू लागल्या.

"वहिनी, आज झाऱ्याने तुझं काय वाकडं केलं?" वन्संनी विचारलं. वन्सं म्हणजे दादांची धाकटी बहीण. मुलं मार्गी लागल्यावर भावाकडे राहायला आलेली. सलूनमधली जुनी मासिकं वाचणं आणि भावजयीला चिडवणं, ही दोन कामं त्या मन लावून करत.

"काही नाही, वन्सं. हातून पडला."

"पडला? तू फेकलास. मी बघितलं. देवाने पण बघितलं." वन्संनी आपला वाफाळता कप मुद्दाम सावकाश ओठांना लावला. "काय सुरेख झालाय चहा. तुला वास तरी चालतो का गं व्रतात?"

वहिनींनी तोंड फिरवलं. वासाचं काही ठरवलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी तो पोटभर घेतला.

फुगे विकणारा स्टेशनरीवालाही गप्प बसेना. "वहिनी, पुन्हा फुगे? कुणाचा हो वाढदिवस रोज रोज?"

"आहे एका म्हाताऱ्याचा," वहिनी म्हणत आणि उरलेले पैसेही मोजून न बघता पळत. इतकं अर्धवट खोटं बोलल्याबद्दल घरी येऊन एक माळ जास्त ओढत.

कंटाळा आला नाही असं नाही. एका सकाळी तर फेस फासून झाल्यावर त्या नुसत्याच बसून राहिल्या. हे माझ्या वयाला शोभतं का, हा एकच प्रश्न डोक्यात. वन्सं आत आल्या तेव्हा फेस वाळून फुग्यावर भेगा पडल्या होत्या.

"सोडून दे की गं," वन्सं पहिल्यांदाच चेष्टा न करता म्हणाल्या. "कंटाळा येत नाही तुला?"

"येतो तर. रोज येतो."

"मग?"

"त्याला म्हणते, ये, बस त्या खुर्चीत. माझं झालं की दोघं मिळून जाऊ." आणि त्यांनी पुन्हा फेस घोटायला घेतला.

मग हळूहळू फुगे फुटेनासे झाले. एक दिवस वाचला. दुसरा वाचला. चहा परत सुरू झाला, झाऱ्या जागेवर राहू लागला, आणि वहिनींच्या चेहऱ्यावर एक अगदी बारीक, प्रार्थनेनंतर पुसून टाकावा लागेल असा गर्व दिसू लागला. रोज दुपारी त्या चहाचा कप घेऊन पडद्याजवळ बसत. दादा तिकडून विचारत, "आज बार नाही उडाला?"

"नाही," वहिनी हळूच म्हणत.

दादांनी इतके दिवस आत डोकावून पाहिलं नव्हतं. बायकोला वस्तरा शिकवला तर संसार टिकत नाही, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. खरं म्हणजे आत गेलं की तो वस्तरा दिसेल, याची त्यांना भीती होती. पण फुगे वाचू लागले तसं त्यांना राहवेना. इतक्या लवकर? त्यांचा स्वतःचा फुगा वाचायला किती तरी काळ गेला होता, आणि बाबांनी प्रत्येक फुग्याला एक टप्पल मारली होती. एका दुपारी कारागीर जेवायला गेला तसा त्यांनी पडदा बाजूला केला.

वाटीत फुगा होता. म्हणजे असावा. वाळत घातलेल्या मोज्यासारखा एका बाजूला कललेला, सुरकुतलेला, वरून फेसाची टोपी.

"हे काय आहे?" दादा म्हणाले.

"फुगा."

"हा फुगा? अगं, याच्यात हवा भरलीय की नुसती चौकशी केलीय?"

वन्सं मासिक टाकून धावत आल्या. दादांनी फुगा बोटाने दाबला. बोट आत गेलं आणि फुग्याने साधा निषेधही केला नाही. वन्सं हसून हसून टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "अरे दादा, हा फुटणार कसा? याला फुटायचीसुद्धा ताकद नाही!"

वहिनींना आधी राग आला, मग त्यांनी फुग्याकडे नीट बघितलं. परवाचा आठवला. त्याच्या आदला आठवला. रोज एक फुंकर कमी, रोज एक फुंकर कमी. दम लागतो म्हणून, असं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या. दम लागला नव्हता. चहा लागला होता. व्रत शब्दाला शब्द पाळलं, आणि त्यातला प्राण मात्र रोज थोडा थोडा त्यांनीच सोडून दिला. कान गरम झाले.

काही न बोलता त्यांनी नवा फुगा घेतला. गाल दुखेपर्यंत फुगवला. फेस फासला. वस्तरा टेकवला.

फाट्!

फेस दादांच्या चष्म्यावर, वन्संच्या मासिकावर आणि स्वयंपाकघराच्या छतावर गेला. कुणीच हसलं नाही. वहिनींनी वस्तरा मिटला, फडक्यात गुंडाळला आणि ओट्यावर ठेवला.

"मला नाही येत," त्या म्हणाल्या. "मी मलाच फसवत होते. त्या बिचाऱ्यांची दाढी वाढतेय, आणि मी इकडे चहा पितेय."

दादा चष्मा पुसत होते. हात थरथरत होता म्हणून काचा पुसल्या जाण्याऐवजी फेस सगळीकडे पसरत होता. ते उगीच म्हणाले, "तो आधीचा. मोज्यासारखा. तो करून दाखव."

"चेष्टा पुरे झाली."

"चेष्टा नाही. करून दाखव. चहा माझ्याकडून."

वहिनींनी अनिच्छेने वस्तरा पुन्हा उघडला. सैल फुगा समोर ओढला. डाव्या हाताचा अंगठा फुग्यावर ठेवून सुरकुती वर ओढली, मधली बोटं खाली टेकवून ताण दिला, आणि ताणलेल्या तेवढ्याच पट्टीवरून पातं चालवलं. फेस अलगद उतरला. बोटं सरकली, पुढची सुरकुती ताणली, पातं फिरलं. त्यांचं स्वतःचं लक्ष उजव्या हातावर होतं. दादांचं नव्हतं.

"हा डावा हात तुला कुणी शिकवला?"

"कुणी नाही. ताणल्याशिवाय या मेल्यावर वस्तरा चालतच नाही. अडकतो घडीत."

दादा स्टुलावर बसले. "बाबा पडद्याआडून हे बोलले नाहीत कधी. कारण हे ते बोलायचेच नाहीत, बोटं धरून दाखवायचे. उजव्या हाताने वस्तरा फिरतो, दाढी डाव्या हाताने होते. टम्म फुग्यावर डाव्याला कामच नसतं. म्हणून शिकणाऱ्याचा डावा हात कायम मागे राहतो. मी लग्नाला उभा राहिलो तोवर माझा राहिला होता. आणि कुणाचे गाल असतात गं टम्म? घड्याळजीचे?"

"त्यांचे गाल..." वहिनींना घड्याळजींचा चेहरा आठवला, आणि त्यांनी हातातल्या फुग्याकडे बघितलं.

"अगदी," वन्सं म्हणाल्या. "फक्त रंग वेगळा."

यावर मात्र तिघंही हसली. छतावरच्या फेसाचा एक ठिपका नेमका त्याच वेळी दादांच्या टकलावर पडला.

पण दादा लगेच उस्ताद झाले. म्हणाले, डावा आला म्हणून फुशारू नकोस, उजवा तुझा लाकूडतोड्याचा आहे. त्या दिवसापासून रोज दुपारी ते समोर बसू लागले. धरून दाखवता येत नव्हतं, म्हणून शब्दांत सांगावं लागे. जे बाबा बोलून सांगायचे नाहीत तेही दादांना बोलावं लागलं. मनगट मऊ. कोपर अंगाशी. हनुवटीखाली उलटं जाऊ नकोस. फुगे आता टम्मही असत आणि सैलही, आणि वहिनींनी व्रताला एक पोटनियम जोडला की हवा दादा भरतील. काही फुटले. चहा हुकला त्या दुपारी वहिनी पुन्हा भांड्यांशी बोलल्या. पण ओट्यावरून वस्तरा उचलायचा की नाही, हा विचार त्यांनी एकाही दिवशी केला नाही. विचाराला त्या वेळी त्या खुर्चीत बसवून ठेवत, कंटाळ्याच्या मांडीवर.

मग एक दिवस दादांनी सलूनचं दार लोटून घेतलं आणि स्वतः गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. "कर."

"काय करू?"

"दाढी. फुग्याला घड्याळजी थोडाच म्हणणार आहेस?"

वन्सं तुरटीचा खडा हातात घेऊन बाजूला उभ्या राहिल्या. "मी तयार आहे. कापूस पण आहे. दादा, शेवटची काही इच्छा?"

"तू गप्प बस," दादा म्हणाले, आणि फेसातून बोलतच राहिले. पाणी कोमट हवं, तुला सांगतो, आमचा बाप...

"अहो, बोलू नका. हनुवटी हलते."

"गिऱ्हाईक बोलणारच. सवय कर."

"मग त्यांना सांगेन, माझं मौन आहे, तुम्हीही पाळा."

दादा चकित होऊन गप्प झाले. सलूनमध्ये पात्याचा तेवढा खसखस आवाज राहिला. वहिनींना फुग्यापेक्षा हा गाल ओळखीचा वाटला. कुठे खळगा आहे, कुठे जुनी जखम आहे, कुठे केस आडवे येतात, हे त्या संसारभर बघत आल्या होत्या. हनुवटीपाशी एकदा चुकल्या. रक्ताचा एक थेंब आला आणि वन्संनी इतक्या उत्साहाने तुरटी दाबली की दादा ओरडले ते तुरटीमुळे.

दादांनी आरशात बराच वेळ बघितलं. गालावरून हात फिरवला, खालून वर, उलटा.

"मामंजींनी पास केलं असतं?" वहिनींनी विचारलं.

"बाबांनी कुणालाच पास केलं नाही. मलाही नाही." ते उठले. "पण घड्याळजीकडे जा तू. रविवारी. तुला ओरडणार नाही तो."

"आणि तुम्ही?"

"मला काम आहे."

"रविवारी सलून बंद असतं."

दादांनी खुर्चीवरचा नसलेला केस झटकला. वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, हात मी देईन. वचन मला देता येणार नाही, ते तुमचं आहे. घड्याळजी रविवारभर दाराकडे बघतात, ते वस्तऱ्याची वाट बघत नाहीत."

"काय सांगू त्याला? की आता मला कप धरता येत नाही?"

"काही सांगू नका. हात पुढे करा. ते घड्याळं दुरुस्त करत आलेत. थरथर त्यांना कळते."

दादांनी जाऊन सलूनचं दार पुन्हा उघडलं. जेवताना बोलले नाहीत, शनिवारीही फारसं बोलले नाहीत. कारागिराला वाटलं, मालकांचा घसा बसला. वन्संनी मासिकातला एक विनोद मोठ्याने वाचून दाखवला, तोही वाया गेला.

रविवारी सकाळी वहिनी माळ संपवून पुढच्या खोलीत आल्या तेव्हा दादा फळीसमोर उभे होते. कॅनव्हासची पिशवी उघडी होती. ते एकेक वस्तू उचलून तीत ठेवत होते. मामंजींचा वस्तरा, ब्रश, टॉवेल, तुरटी, साबणाचा डबा. डब्याचं झाकण काही केल्या बसेना. डबा फळीवर टकटक वाजत राहिला. वहिनी पुढे झाल्या नाहीत. पडद्याशी उभ्या राहिल्या आणि झाकण बसेपर्यंत थांबल्या.

शेवटी बसलं. दादांनी पिशवी उजव्या हातात घेतली. आतला डबा ब्रशला बारीक बारीक वाजू लागला. त्यांनी एकदा त्या आवाजाकडे बघितलं, हात बदलला नाही, आणि दार उघडून पायरी उतरले.

वहिनींनी चपला घातल्या. दादा तोवर घड्याळजींच्या बंद दुकानावरून पुढे गेले होते, सरळ, रस्त्याच्या मधून, आणि गल्लीत लोक नुकते उठत होते.